कुंड्यांचा ताळेबंद
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)



आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला कमिटीने बागेवर बोलायला उभं केलंय. कारण तुम्हाला ठाऊक आहे. यंदाच्या जनरल बॉडीत सूचना आली, "मे महिन्यात टँकर मागवावे लागतात, तेव्हा कुंड्यांना पाणी घालणं बंद करा." सूचना गैर नाही. टँकरचं बिल सगळ्यांच्याच मेंटेनन्समधून जातं. म्हणून आज हिशेबच मांडतो.

माझ्या बाल्कनीत १२ कुंड्या आहेत. १० इंची कुंडीला उन्हाळ्यात रोज अर्धा-पाऊण लिटर पाणी मला पुरतं. म्हणजे फार तर ९ लिटर, अर्धी बादली. आता जमेची बाजू बघा. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं ४-५ लिटर पाणी आमच्या घरी रोज निघतं. एसीच्या नळीखाली रात्री बादली ठेवली की उरलेलं भागतं. त्या पाण्यात क्षार नसतात, झाडांना ते मानवतं. प्युरिफायरचं टाकाऊ पाणी मात्र क्षारांचं, ते फरशी पुसायला ठेवा. नळाला हात न लावता ताळेबंद जुळला की नाही?

पाणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर घालावं. आधी मातीत बोट खुपसायचं. पेरभर खाली ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. वर वाळक्या पानांचा थर पसरला की ओल टिकते. कुंडीखाली ताटली हवीच हवी, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून वाद नाहीत!

आता व्याज. ऑफिस टाइमची फुलं बँक उघडायच्या सुमाराला फुलतात आणि गुलबक्षी कॅश टॅली झाल्यावर, संध्याकाळी. मोगऱ्याची जानेवारीत छाटणी केली तर ऐन उन्हाळ्यात ओंजळभर कळ्या निघतात. आमची सौ. त्यातल्या दोन-चार माठात टाकते. त्या पाण्यापुढे फ्रिजची बाटली कोण विचारतो?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मे महिन्यात निम्मी बिल्डिंग गावाला जाते आणि घरी उरतो आम्ही म्हातारी मंडळी. २५ वर्षांपूर्वी आपण विरजण मागायलासुद्धा एकमेकांची बेल वाजवायचो. आता दार उघडतं ते कुरिअरवाल्यासाठी. तेव्हा गावाला जाताना तुमच्या कुंड्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे सोपवून जा. झाडं जगतील, आणि परत आल्यावर ती न्यायला तुम्ही आमच्याकडे याल, चहा होईल.

म्हणून विनंती एवढीच, की ती सूचना फेटाळू नका, थोडी बदला. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांना नळाचं पाणी नको, घरातलं वापरलेलं चालेल. पहिली सही माझी.