चीज आणि तिचा पाठ

जर्मनीतील लाइपझिग शहरी इ. स. १८५० मध्ये, बाख या थोर रचनाकाराच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, काही संगीतज्ञांनी एक मंडळी स्थापिली. बाखच्या यच्चयावत रचना मूळ हस्तलिखितांशी ताडून छापावयाच्या, हा तिचा उद्देश. वर्गणीदारांच्या हाती पहिला खंड १८५१ साली पडला आणि काम संपले ते १८९९ साली. एकंदर खंड शेचाळीस. एवढ्याने त्या लोकांचे समाधान झाले नाही; १९५४ पासून त्यांनी तेच काम अधिक काटेकोरपणे पुन्हा आरंभिले व ते २००७ पर्यंत चालविले. एका माणसाच्या संगीतासाठी इतका उद्योग!

आता मनात सहज येते की, आपल्या सदारंगासाठी असे काही करावयाचे झाल्यास कोठून आरंभ करावा? सदारंग म्हणजे न्यामतखाँ. दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारी, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, हा बीनकार होऊन गेला. आणि आज ख्याल गाणारा असा गवई विरळा, की ज्याच्या कंठात सदारंगाची एकही चीज नाही. परंतु बाखची हस्तलिखिते पेटीत राहिली, सदारंगाच्या चिजा कंठात राहिल्या. आणि कंठ म्हटला की तो श्वास घेणार, विसरणार, आवडेल ते वाढविणार. चिजेत नाव आले म्हणून ती त्याचीच असेही म्हणवत नाही, कारण मागून आलेल्यांनीही आपल्या रचनांत तेच नाव भक्तीने अथवा व्यवहारबुद्धीने गुंफले आहे.

या कंठांतून कागदावर चिजा उतरविण्याचे प्रचंड कार्य आपल्याकडे ज्यांनी केले, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६०, मुंबईत वाळकेश्वरी. शिक्षणाने वकील, आणि मला तर त्यांच्या साऱ्या संगीतकार्यात वकिलाची शिस्त दिसते. साक्षीदार गाठावयाचा, त्यास बोलते करावयाचे, जबानी लिहून घ्यावयाची. १९०४ साली ते दक्षिणेत हिंडले, पुढे १९०७ च्या प्रवासात आपल्या विदर्भातील नागपूरही त्यांनी पाहिले. खाँसाहेब लोक आपली विद्या सहजासहजी देत नसत. ‘मुलाला दिली नाही ती वकिलाला का द्यावी?’ हा त्यांचा विचार अगदीच चुकीचा होता असे मला वाटत नाही. तथापि जयपूरच्या मनरंग घराण्यातील महंमद अली खाँ व त्यांचे पुत्र आशक अली यांजकडून शेकडो चिजा त्यांना मिळाल्या.

या संग्रहातून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तकमालिका’ मराठीत निघाली. सहा भाग, सुमारे १८०० चिजा. दुसऱ्या भागात दहा थाटांचे दहा राग, तिसऱ्यात पंधरा, आणि पुढे ही संख्या वाढतच जाते. पंडितजी १९३६ साली गणेशचतुर्थीच्या दिवशी निवर्तले. शेवटचे भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. लिपीही किती सोपी! कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. समेला फुली, खालीला शून्य. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला उमरखेडात, जेथे घराणेदार गवई औषधालाही नव्हता, एका पेटीवर आणि या पुस्तकांवर पंधरावीस राग ओळखता येऊ लागले, ते उपकार या लिपीचे. ती पुस्तके मी वाचली हाथरसच्या हिंदी भाषांतरात. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले पुस्तक मराठी मास्तराने हिंदीतून वाचावे, हाही एक योगच!

आता माझी एक चूक सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वी आमच्या गावी एक वृद्ध कीर्तनकार उतरले होते. पेनगंगेपलीकडचे, मराठवाड्यातले. कीर्तन आटोपल्यावर ओसरीवर बसून त्यांनी भीमपलासीतील एक मध्यलय चीज म्हटली. चीज माझ्या ओळखीची. पुस्तकात तिचा मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो. बुवा तो सातव्या मात्रेपासून उचलीत. अंतऱ्याची दुसरी ओळ तर सर्वस्वी निराळी होती. मी, मास्तर पडलो ना, पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले व चूक दाखविली. बुवांनी चष्मा लावून ते पान नीट पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, पुस्तक खरं आहे. पण तुमच्या पुस्तकात माझे गुरुजी नाहीत.” त्यांचे गुरुजी कोण, हे मी विचारलेदेखील नाही. पुढे दोन वर्षांत बुवा गेल्याचे कळले.

तेव्हापासून ती पुस्तके मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. चिजेच्या माथ्यावर काय छापलेले असते? राग आणि ताल. ती कोणाच्या मुखातून, कोठे, कोणत्या साली घेतली, हे बहुतेक ठिकाणी नाही. आणि पाठ एकच. पंडितजींना दोष देण्यास मी धजत नाही. त्यांना शाळांसाठी पुस्तक हवे होते. १९१८ साली ग्वाल्हेरीस व १९२६ साली लखनौस विद्यालये निघाली, तेथे मुलांपुढे एका चिजेचे पाच पाठ ठेवून चालले नसते.

परंतु दुसरी वाटही त्याच काळी महाराष्ट्रातच घातली जात होती. पुण्यास भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, ते १९६६ साली पुरे झाले. तेथे संपादकाने स्वीकारलेला पाठ वर, आणि त्याने नाकारलेले सारे पाठ, कोणत्या पोथीत काय आहे त्या खुणेसह, खाली. संपादकाचा निर्णय मान्य नसेल तर वाचकाने खालचा पाठ घ्यावा. त्याचा तो हक्क हिरावलेला नाही.

चिजांचे असे पान कसे दिसेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. वर एक पाठ. खाली ग्वाल्हेरचा गवई हा मुखडा कोठून उचलतो, आग्र्याचा कोठून, कोणत्या ध्वनिमुद्रिकेत कोणता शब्द आहे. सदारंगाचे नाव असलेल्या साऱ्या चिजा रागवारीने विखुरलेल्या आहेत त्या एकत्र, आणि ज्यांच्याविषयी शंका आहे त्या वेगळ्या. हयात रचनाकाराचे काम त्या मानाने सोपे. कुमार गंधर्वांचे ‘अनूपरागविलास’ १९६५ साली निघाले, तेव्हा आपली बंदिश कशी आहे हे सांगण्यास ते स्वतः हजर होते. जुन्या चिजांचे साक्षीदार मात्र वर्षावर्षाने कमी होत आहेत आणि जबानी घेणारा एकटा वकील पुरणार नाही. ज्याच्या गावी असा वृद्ध कोणी असेल त्याने आधी गुरूचे नाव विचारावे, मग चीज.

माझ्या वहीत भीमपलासीच्या त्या चिजेचे एक पान आहे. सातव्या मात्रेवरचा मुखडा आठवणीने लिहून काढला आहे, अंतऱ्याची पहिली ओळही आहे. दुसऱ्या ओळीच्या सोळा मात्रांची घरे आखून ठेवली आहेत, ती रिकामी आहेत.