जुबिली आणि परदेशीं गेलेला कामकरी



लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत योबेल वर्ष, म्हणजेच जुबिली, कशी पाळावी हें सांगितलें आहे. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या घरीं राबणाऱ्या इस्राएली मनुष्यानें आपल्या कुटुंबाकडे परत जावें, असा तो नियम. परदेशीय दास त्या नियमांत येत नव्हता, हें मी लपवीत नाहीं. परंतु त्याच ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय परदेशीयाला स्वदेशीयासारखें वागवावयास सांगतो. आपल्या सुवर्णमहोत्सवासाठीं पताका, बँड व मेजवानी यांची तरतूद आपण उत्तम केली आहे. मला बोलावयाचें आहे तें घरीं परत जाण्याच्या हक्काविषयीं.

२०१४ सालीं आपल्याच दफनभूमींत मीं एका वृद्धाचें दफन केलें. त्यांचा एकुलता एक मुलगा कतर देशीं गवंडीकाम करीत होता. पासपोर्ट मालकाच्या पेटींत, आणि देश सोडावयाचा तर मालकाची परवानगी पाहिजे. ती मिळाली नाहीं. आम्हीं दोन दिवस वाट पाहिली. शेवटीं शवपेटीजवळ टेलिफोन धरून मीं प्रार्थना म्हटल्या.

मालक दुष्ट होता, असें त्या दिवशीं सारे म्हणाले, मीहि म्हणालों. पुढें उमजलें कीं, मुख्य दोष कायद्याच्या रचनेंत होता. आखाती देशांत जी ‘कफाला’ पद्धति रूढ झाली, तिच्यायोगें परदेशी कामकऱ्याचा राहण्याचा परवाना एका मालकाशीं जखडला जातो. परवानगीवांचून मालक सोडला कीं परवाना जातो, आणि परवाना गेला कीं तो मनुष्य फरारी ठरतो. मग पगार थकला तरी तक्रार कोण करील? सज्जन मालक भेटला, तरी त्याचें पोट मालकाच्या मर्जीवरच.

हें बदलतां येतें. २०२२ च्या फुटबॉल सामन्यांमुळें जगाची दृष्टि कतरकडे वळली, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें पाठपुरावा केला, आणि २०१८ सालीं बहुतेक कामकऱ्यांस, २०२० च्या आरंभीं घरगुती नोकरांसहि, परवानगीवांचून देश सोडण्याची मोकळीक मिळाली. त्याच २०२० सालीं जुन्या मालकाच्या संमतिपत्रावांचून नोकरी बदलण्याची मुभा झाली. मार्च २०२१ पासून दरमहा १००० रियाल किमान वेतन ठरलें. अंमलबजावणींत उणिवा राहिल्या, हें तेथून परतलेले आपले तरुणच सांगतात.

पोपमहाराज दुसरे जॉन पॉल यांनीं १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रांत लिहिलें कीं, परदेशी कामकऱ्याला हक्कांच्या बाबतींत तेथील इतर कामकऱ्यांहून कमी लेखूं नये. १९९० सालीं संयुक्त राष्ट्रांनीं अशा कामकऱ्यांच्या हक्कांचा करार तयार केला. २००३ सालीं तो अंमलांत आला. आखाती राष्ट्रें त्यांत सामील नाहींत. आपलाहि देश नाहीं! आपल्या मुलांसाठीं दुसऱ्यांकडे न्याय मागतांना हें उणें आपल्याला बोलूं देत नाहीं. मतें मागण्यास येणाऱ्यांना हा प्रश्न अवश्य विचारा.

आणि ज्यांचीं मुलें जाण्याच्या तयारींत आहेत त्यांना सांगतों : एजंट सरकारांत नोंदलेला आहे कीं नाहीं तें पाहा, १९८३ च्या कायद्यानें ती नोंदणी सक्तीची केली आहे. घर गहाण टाकून त्याला पैसे देऊं नका. कराराची एक प्रत घरीं ठेवा. ती वाचतां येत नसेल, तर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर माझ्याकडे आणा. आपण मिळून वाचूं.