तांब्याचा हंडा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या विज्ञानविषयक भाषणाचा मजकूर)

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोड्यांचा जो नाद कानी पडतो, त्यात धातुविज्ञानातील एक गहन प्रश्न दडलेला आहे. तांबट पत्रा ठोकू लागतो तेव्हा प्रारंभी तो सहज वाकतो. परंतु ठोके पडत जातात तसतसा तो कठीण होत जातो, आणि तरीही ठोकीत राहिल्यास त्याला तडा जातो. म्हणून कारागीर मधूनच ते भांडे भट्टीत लाल होईतो तापवितो. भांडे पुन्हा मऊ होते आणि काम पुढे चालते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातात उतरलेले आहे. मात्र ठोकल्याने धातू कठीण का व्हावा आणि तापविल्याने मऊ का व्हावा, याचे डोळ्यांना दिसेल असे उत्तर १९५६ सालापर्यंत कोणापाशीही नव्हते.

धातूच्या स्फटिकात अणू शिस्तीने रांगा धरून उभे असतात. अणूंचा एक अखंड थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकवावयाचा तर किती बळ लागेल, याचे गणित फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये मांडले. उत्तर बुचकळ्यात टाकणारे आले, कारण प्रत्यक्षात शुद्ध धातूचा स्फटिक त्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी बळाने वाकतो. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच तोड सुचविली. सभामंडपातील मोठे जाजम एका टोकाला धरून ओढले तर चार माणसांनाही ते हलत नाही. पण त्याला एक वळी पाडून ती वळी पुढे ढकलीत नेली, तर एकटा माणूसही ते सरकवू शकतो. धातूतही अणूंच्या रचनेत अशा वळ्या, म्हणजे रेषारूप दोष असले पाहिजेत, असे या तिघांचे प्रतिपादन होते. या दोषास ‘स्थानभ्रंश’ असे नाव आहे.

कल्पना सुरेख होती. परंतु स्थानभ्रंश कोणी पाहिला होता? जवळजवळ दोन तपे तो कागदावरच राहिला. धातूंच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या अनेक तज्ज्ञांनी त्याला गणितज्ञांचा खेळ मानले, आणि त्यात त्यांचा फारसा दोष होता असे म्हणता येणार नाही.

साधा सूक्ष्मदर्शक येथे निरुपयोगी होता. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम असते, तर अॅल्युमिनियममधील शेजारच्या दोन अणूंतील अंतर अवघे २.८६ अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) एक लाख व्होल्ट दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र ०.०३७ अँगस्ट्रॉम इतकी अल्प असते. या इलेक्ट्रॉनांना काचेऐवजी चुंबकीय भिंगांनी वळवून प्रतिमा घेणारे पहिले उपकरण माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे उभारले. रुस्का यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी!

पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जावे लागतात. त्यासाठी नमुना केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका पातळ करावा लागतो. या कामातील खरे कौशल्य पुष्कळदा येथेच पणास लागते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हर्श, त्यांचे विद्यार्थी मायकेल व्हेलन आणि सूक्ष्मदर्शक हाताळण्यात निष्णात असलेले रॉबर्ट हॉर्न यांनी अॅल्युमिनियमचा वर्ख ठोकून घेतला, तो तापविला आणि आम्लात झिजवून आणखी पातळ केला. म्हणजे तेथेही आधी हातोडाच लागला. (हर्श यांचा जन्म बर्लिनचाच, नाझी राजवटीतून सुटून ते १९३९ मध्ये बालवयात इंग्लंडला आले होते.)

पडद्यावर बारीक काळ्या रेषा दिसल्या. स्थानभ्रंशाच्या आसपास अणूंचे थर किंचित वाकलेले असतात, त्यामुळे तेथून जाणारे इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात आणि काळी रेषा उमटते. पण रेषा तर कशाच्याही असू शकतील! शंका फिटली ती इलेक्ट्रॉनांचा झोत प्रखर केल्यावर. त्या रेषा पाहता पाहता हलू लागल्या, आणि सिद्धांताने सांगितलेल्या पृष्ठांवरूनच सरकू लागल्या. त्याच वर्षी जिनिव्हा येथे वॉल्टर बोलमन यांनीही गंजरोधक पोलादात स्थानभ्रंश पाहिले.

तांबटाच्या अनुभवाचा उलगडा तेव्हा झाला. तापवून मऊ केलेल्या धातूच्या एक चौरस सेंटिमीटर छेदातून सुमारे १० लाख ते १० कोटी स्थानभ्रंश जातात. ठोकत गेल्यावर ही संख्या वाढत वाढत लाख कोटीच्या घरात पोहोचते. मग बाजाराच्या दिवशी अरुंद बोळात बैलगाड्या अडकाव्यात तसे स्थानभ्रंश एकमेकांत गुंततात. कोणालाच पुढे सरकता येत नाही, म्हणून भांडे कठीण होते. भट्टीच्या उष्णतेने जुन्या, गुंत्याने भरलेल्या कणांच्या जागी नवे स्वच्छ स्फटिककण वाढतात आणि वाट पुन्हा मोकळी होते.

वाट मुद्दाम अडविण्याचे तंत्रही याच उपकरणामुळे नीट उमगले. खेडोपाडी वीज नेणाऱ्या काही तारा अॅल्युमिनियममध्ये थोडे मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळून केलेल्या असतात. योग्य उष्णता दिल्यास या दोहोंचे अतिसूक्ष्म कण धातूत पसरतात व स्थानभ्रंशांना अडवितात, त्यामुळे पोलादी गाभा नसतानाही तार स्वतःचा भार पेलते. हे कण साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. उष्णता अधिक झाली तर ते वाढून विरळ होतात आणि तार दुबळी पडते. हा फरकही पारगामी सूक्ष्मदर्शकच दाखवितो.

या उपकरणाची एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. १९७० च्या सुमारास एक हिशेब मांडला गेला होता. जगातील सर्व पारगामी सूक्ष्मदर्शकांनी तोवर तपासलेले द्रव्य एकत्र केले तर ते अवघे ०.३ घन मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही कमी भरेल! म्हणून तुटलेली तार वा चिरलेला दांडा परीक्षेसाठी आला, की जाणता तज्ज्ञ तो प्रथम उघड्या डोळ्यांनी पाहतो, मग हातातील भिंगाने, मग साध्या सूक्ष्मदर्शकाने, आणि कोणत्या जागेचा तुकडा पातळ करावयाचा हे ठरल्यावरच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे वळतो.