घरखर्चाची वही

कुंडलिका नदीच्या एका कांठीं जुना जालना, दुसऱ्या कांठीं नवा जालना. गांवाचीं जशीं हीं दोन अंगें, तशीं येथील संसारांत एके काळीं नाणींही दोन होतीं. १९४८ सालापर्यंत जालना शहर हैदराबाद संस्थानांत होतें. बाजारांत संस्थानचा हाली सिक्का चाले. पुण्या-मुंबईकडून येई तो कलदार रुपया. सहा कलदारांना सात हाली, असा साधारण भाव असे.

श्रोत्यांनीं घटकाभर कल्पना करावी. जुन्या जालन्यांतील एका कुटुंबास मुंबईच्या मुलाकडून ३० रुपये कलदार आले. वहींत कोणी नुसतें ‘जमा ३०’ लिहिलें आणि पुढचा सारा खर्च हालींत मांडला, तर ५ रुपये वहींत कोठेंच दिसणार नाहींत. कारण ३० कलदार म्हणजे ३५ हाली. उलट, वाण्याची १४ रुपये हालीची उधारी १४ कलदार देऊन फेडली, तर २ कलदार फुकट गेले. १२ पुरेसे होते. दोन्ही ठिकाणीं बेरीज अचूक, चूक नोंदींत. रकमेपुढें एक शब्द लिहावयाचा राहिला, आणि पेटी व वही यांचें जुळेना म्हणजे संशय मात्र घरच्या माणसावर!

यास्तव वहीनें आधीं खरें बोलावें; काटकसर त्यामागून येते. साहित्य थोडेंच लागतें: रेघांची एक वही, एक लेखणी आणि रात्रीं निजण्यापूर्वींचीं दहा मिनिटें. व्यापाऱ्याच्या रोजकिर्दीप्रमाणें डावीकडे जमा, उजवीकडे नांवें. प्रत्येक नोंदींत तारीख, रक्कम, कारण, आणि रोख कीं उधार, एवढें असावें. रात्रीं निघालेली शिल्लक पेटींतील पैशांशीं ताडून पाहावी. न जुळल्यास ओढूनताणून जुळवूं नये. ‘तूट’ म्हणून तो आंकडा तसाच लिहावा.

महिनाअखेर या नोंदींची खतावणी करावी: धान्य-किराणा, दूध, भाडें, शिक्षण, औषध, सणवार. ‘किरकोळ’ हें सदर शक्य तेवढें आंखूड ठेवावें. ज्या पैशाचें नांव सांगतां येत नाहीं, तोच पैसा नकळत संसार पोखरतो. दिवाळी, शाळेचीं पुस्तकें, घरपट्टी हे खर्च दरवर्षीं ठरलेले. तरी पुष्कळ घरांत ते अचानक आल्यासारखे येतात. अशा खर्चास वर्षाकांठीं ६,००० रुपये लागत असतील, तर दरमहा ५०० रुपये पहिल्याच आठवड्यांत निराळे काढावे.

तथापि हिशेब विचारणें आणि झडती घेणें यांत अंतर आहे. गृहिणीनें भाजीच्या पैन् पैचें उत्तर द्यावें, आणि गृहस्थाच्या पान-तंबाखूचा खर्च मात्र वहीबाहेर राहावा, असें जेथें चालतें तेथें नोंदी लपूं लागतात. मग घरांत दुखणें येतें त्या दिवशीं कळतें कीं शिल्लक केवळ कागदावर होती. म्हणून वही दोघांची असावी, दोघांनींही तींत लिहावें, आणि लिहिलेल्या खर्चाबद्दल कोणीं कोणास बोल लावूं नये.

संस्थान भारतांत विलीन झाल्यावर हाली चलन मागें पडलें. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले, आणि बेरीज-वजाबाकी सोपी झाली. परंतु आज घरोघरीं पुन्हां दोन नाणीं आलीं आहेत: एक हाताला लागणारें, दुसरें मोबाईलवरून जाणारें. बँकेचें खातें दुसऱ्याची रक्कम व तारीख टिपतें. ती गरजेची होती कीं हौसेची, हें तें टिपीत नाहीं. हप्त्यानें घेतलेली वस्तु आज घरांत येते आणि पुढें बारा महिने खर्ची पडत राहते.

तेव्हां पूर्वीं जसें ‘हाली’ कीं ‘कलदार’ हें लिहिणें अगत्याचें होतें, तसें आतां रकमेपुढें ‘रोख’, ‘मोबाईल’ किंवा ‘हप्ता’ हा शब्द लिहावा. म्हणजे महिन्याच्या शेवटीं ‘पैसे गेले कोठें?’ हा प्रश्न माणसास विचारावा लागत नाहीं. वही उघडली कीं पुरे.