लिफ्टची भीती
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आमच्या इमारतीला लिफ्ट बसली, तरी दोन वर्षे मी चार मजले जिन्यानेच चढत होते. दोर तुटला तर? हीच धास्ती! अखेर गुडघे ऐकेनात, तेव्हा देखभालीला येणाऱ्या मिस्त्रींना मी एकेक प्रश्न विचारला. जे उमगले ते सांगते.

लिफ्ट म्हणजे एक मोठा तराजूच. एका बाजूला आपण उभ्या राहतो तो पाळणा, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन; दोहोंना जोडणारे पोलादी दोर माथ्यावरच्या खोबणीदार चाकावरून जातात. त्यामुळे मोटरला दोन्ही बाजूंतील फरकाचेच ओझे ओढावे लागते. दोर एक नसून अनेक असतात. शिवाय पाळणा भलत्या वेगाने खाली येऊ लागला, तर गव्हर्नर नावाचे चाक ते ओळखते आणि पाळण्याचे जबडे बाजूच्या रुळांना घट्ट पकडतात.

१८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस यांनी उंचावर पाळण्यात उभे राहून वरचा दोर तोडविला. पाळणा जागीच अडकला! तोवर अशी यंत्रे मुख्यतः माल चढवीत. १८५७ मध्ये तेथील एका दुकानात ओटिस यांची माणसांसाठी लिफ्ट सुरू झाली. मालाची लिफ्ट आजही निराळी: संथ, रुंद दाराची, भक्कम तळाची. म्हणून आपल्या लिफ्टमध्ये कपाटे, फरशा कोंबू नयेत. पाटीवरचा आकडा पाळावा.

मग भ्यायचे कशाला? दाराला! गेल्या पावसाळ्यात वीज गेली नि आम्ही दोघी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. शेजारच्या काकू दार ओढून खाली उडी मारायला निघाल्या. मी त्यांचा हात घट्ट धरला. पाळण्याखाली उघडी पोकळी असते. पाय चुकला तर थेट तळाशी! लिफ्ट चालताना वीजच ब्रेक सोडवून धरते. वीज गेली की स्प्रिंगा तो आवळतात. म्हणजे थांबलेली लिफ्ट आपल्याला सांभाळीतच असते. आम्ही घंटा वाजविली, खाली बसलो. पंचवीस मिनिटांनी मिस्त्रींनी सुखरूप उतरविले.

घरी मुलांना, सुनांना एवढे जरूर सांगा: लिफ्ट अडली तर दाराशी झटू नका, घंटा वाजवा आणि वाट पाहा.