रिकामी खोली आणि भाड्याचा कागद
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस आणि ज्वारी सोडून आज आम्ही घराबद्दल बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, पण तो आपल्या मालकीचा आणि आपल्या भीतीचा विषय आहे.

आपल्या घरांकडे एकदा नीट पाहा. बैल विकले, कोठा रिकामा झाला. पोरगा पुण्याला कामाला लागला, त्याच्या खोलीला कुलूप. दुसऱ्या बाजूला शाळेचे मास्तर, बँकेतला कारकून, वायरमन आणि दवाखान्यातल्या नर्सबाई रोज तालुक्याहून ये-जा करतात. तालुक्याच्या गावात घर असेल तर कॉलेजात शिकणारी पोरे दारोदार खोली विचारत फिरतात. त्यांत आपलीही पोरे असतात. म्हणजे मागणी आहे, मालही आहे. तरी सौदा होत नाही. का होत नाही?

कारण आपल्याला भीती वाटते. 'एकदा आत घेतला की निघायचा नाही.' ही भीती अडाणीपणाची नाही, ती कायद्याने शिकवलेली आहे. कुळाचे नाव लागेल म्हणून जमीन पडीक ठेवणारी, नाहीतर तोंडी बटाईने देणारी माणसे आपण पाहिली आहेत. घराचेही तेच झाले. मुंबई इलाख्यात १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे बांधले ते १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर. विदर्भात १९४९ चा हुकूम होता. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय भाडेकरूला नोटीस देता येत नसे. घर रिकामे झाले की कलेक्टरला कळवायचे, आणि त्याने सांगितलेल्या सरकारी नोकराला ते द्यायचे. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. ज्यांनी ज्वारीची लेव्ही भोगली त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. माल तुमचा, भाव दुसऱ्याचा!

याचा परिणाम काय झाला? घरमालकांनी घरे कुलपात ठेवली. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली. भाडेकरूला जपण्यासाठी केलेल्या कायद्याने भाडेकरूलाच उघड्यावर ठेवले. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असे म्हटले. मग हे तिन्ही कायदे जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. कायदा बदलला, पण आपली भीती जुन्याच कायद्याची राहिली.

या कायद्यात आपल्या कामाची कलमे दोन. पहिले कलम २४. राहण्यासाठी खोली 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवान्यावर दिली आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो. जितके दिवस तो राहील तितके दिवस ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई त्याच्याकडून येणे होते. हे कलम राहण्याच्या जागेचे आहे. दुकानाला गाळा देणाराने त्यावर विसंबू नये. शिवाय कायदा ठराविक गावांना लागू आहे. आपले गाव त्यात येते का, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारून घ्यावे.

दुसरे कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, त्या खोट्या पाडण्याचे ओझे आपल्यावर. वर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'अकरा महिन्यांचा कागद नोटरीकडे केला की झाले' ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

'नोंदणीचा खर्च कोण करणार?' असा प्रश्न येतो. हिशेब मांडू. महिना २,००० रुपये भाडे, अकरा महिन्यांचे २२,०००. अनामत १०,०००. अनामतीवर सालाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे सुमारे ९१७. बेरीज २२,९१७. त्यावर पाव टक्का मुद्रांक. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि शहरात १,००० रुपये. किरकोळ खर्च वेगळा. आता ही नोंदणी आधार आणि अंगठा लावून संगणकावरही होते. एवढ्या पैशांत घराची राखण होत असेल तर ती महाग नाही.

आता मिळकत पाहू. महिना २,००० म्हणजे सालाचे २४,०००. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे ही तीन क्विंटल कापसाची रक्कम झाली, आणि तिला बोंडअळी लागत नाही. पण कोणी असे समजू नये की भाडे आले म्हणजे भावाचा प्रश्न सुटला. भाडे हा भावाला पर्याय नाही. भाव पडलेला असताना माल घरात ठेवण्याचे बळ तेवढे त्यातून येते.

म्हणूनच एक इशारा. कापसाची खोली भाड्याने देऊ नका! वेचणीचा कापूस ठेवायला जागा उरली नाही तर तो त्याच दिवशी गावातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जाईल. वर्षाचे भाडे एका सौद्यात गमावून बसाल. आधी कापसाची आणि ज्वारीच्या पोत्यांची जागा ठरवा, मग उरलेल्या खोलीचा विचार करा.

खोली द्यायची तर ती माणसाला राहण्याजोगी करा. वेगळे दार, संडास-मोरी, खिडकी, पाण्याची सोय आणि विजेचा वेगळा सबमीटर. ढोरांच्या कोठ्यावर टिन टाकून त्यात माणूस ठेवणे आपल्याला शोभत नाही. बांधकाम वाढवायचे असेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घर घरकुल योजनेतले असेल तर त्या योजनेच्या अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदाचेही पाहा. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरांच्या मिळकत पत्रिकेसाठी २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. आपल्या गावची मोजणी झाली का, पत्रिका मिळाली का, याची चौकशी करा. घर एकत्रात असेल तर भावांची लेखी संमती आधी घ्या. भाडेकरूपेक्षा भाऊबंदकीचे खटले जास्त वर्षे चालतात! आणि मायबहिणींनो, नमुना ८ वर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावून घ्या. भाडेकरूचे पाणी, वीज, तक्रारी तुम्ही बघणार, तर भाड्यावर तुमचा हक्क कागदावरही दिसू द्या.

घरभाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. ते आयकराच्या हिशेबात येते. मात्र भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणून घरपट्टीची पावती जपून ठेवा. भाडे शक्यतो बँकेतून घ्या, रोख घेतले तर पावती द्या. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देऊन पोच ठेवा.

शेवटी एकच मागणे. आपली पोरे शहरात खोली शोधतात तेव्हा घरमालक जात विचारतो, गाव विचारतो, 'शेतकऱ्याचा पोरगा, भाडे कुठून देणार' म्हणतो. आपण मालक झालो की आपल्या तोंडी ते शब्द येता कामा नयेत. ठरलेले भाडे, ठरलेली मुदत, नोंदलेला कागद. दोन मोकळ्या माणसांत एवढेच पुरते. गावोगावी गेल्यावर पहिले काम हे करा : घराचा नमुना ८ काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते सगळ्या घरादारासमोर मोठ्याने वाचा.