फादर स्टीफन्स यांचे गाव



लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी सुमारे तासाभरात स्विंडनला पोहोचते. तेथून दहा-अकरा किलोमीटरवर रॉयल वुटन बॅसेट ही जुनी बाजारपेठ आहे. इराक आणि अफगाणिस्तान येथे पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शवपेटिका २००७ पासून काही वर्षे शेजारच्या विमानतळावर उतरत व या गावच्या मुख्य रस्त्याने पुढे जात. त्या वेळी गावकरी हातातले काम टाकून रस्त्याच्या कडेला निःशब्द उभे राहत. त्याचा मान म्हणून २०११ साली गावाच्या नावामागे ‘रॉयल’ हे पद लागले.

ही बाजारपेठ मागे टाकून दक्षिणेकडे अरुंद रस्त्याने गेले, की बुश्टन लागते. चार-दोन शेतवाड्या, काही घरे, कुंपणाच्या झुडपांमधून जाणाऱ्या वाटा आणि सपाट कुरणे एवढाच त्याचा पसारा. नावाचा मूळ अर्थ ‘बिशपची वाडी’ असा. विल्टशर परगण्यातील जुने लोक आपल्या मुलुखाचे दोन भाग मानीत, एक खडूचा आणि दुसरा चीजचा. बुश्टन चीजच्या बाजूला येते. जमीन चिकणमातीची, गवत दाट, आणि गाईंचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्यांचा. गावाच्या दक्षिणेस मात्र खडूच्या टेकड्यांची एक लांब भिंतच उभी राहिली आहे. तिच्यापलीकडे मेंढ्यांचा मुलूख सुरू होतो.

याच बुश्टनमध्ये १५४९ च्या सुमारास एका व्यापाऱ्याच्या घरी थॉमस स्टीफन्स जन्मला. गोव्यात तो पाद्री एस्तेव्हांव झाला, आणि मराठी वाङ्मयात ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून अमर झाला.

बुश्टनचे देऊळ, म्हणजे चर्च, बुश्टनमध्ये नाही. ते दीड-दोन मैलांवर, टेकडीच्या पायथ्याशी, क्लिफ पायपार्ड या गावी आहे. संत पीटरचे हे दगडी चर्च मध्ययुगातले. आत थॉमस स्पॅकमन नावाच्या सुताराचे स्मारक आहे. हा गृहस्थ १७८६ साली वारला. संगमरवरी पुतळ्यापाशी त्याची हत्यारे कोरलेली आहेत, कारण मिळवलेल्या पैशातून त्याने गावच्या गरीब मुलांच्या शिक्षणाची तरतूद करून ठेवली होती. सुताराला सरदाराच्या थाटात उभे केलेले असे चर्चमध्ये फारसे दिसत नाही. शिक्षकाने तर तेथे दोन मिनिटे थांबावेच. बाहेर आवारात सर निकोलस पेव्हस्नर यांचे थडगे आहे. जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या या विद्वानाने इंग्लंडच्या परगण्यांतील वास्तूंची वर्णने ग्रंथबद्ध केली. १९८३ साली ते वारले आणि या लहानशा गावी विसावले.

परंतु स्टीफन्सच्या बालपणीचे चर्च शांत नव्हते. १५४९ सालीच कायद्याने इंग्लंडातील उपासना लॅटिनमधून इंग्रजीत आली. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर येताच लॅटिन परतली, आणि एलिझाबेथच्या राज्यात १५५९ पासून पुन्हा इंग्रजी आली. म्हणजे हे मूल दहा वर्षांचे होईपर्यंत देवाशी बोलण्याची भाषा राजाज्ञेने तीनदा बदलली होती. भाषा आणि भक्ती यांचे नाते किती नाजूक असते, याचा धडा त्याने पुस्तकातून घेतला नसावा.

स्टीफन्स कॅथलिकच राहिला. रोमला जाण्याचा बेत त्याने थॉमस पाउंड या मित्रासह केला होता. मित्र पकडला गेला आणि त्याचे पुढचे बहुतेक आयुष्य तुरुंगात गेले. स्टीफन्स निसटला. १५७५ साली तो रोम येथे येशूसंघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला, त्यातून प्रवास करून २४ ऑक्टोबरला तो गोव्यास उतरला. पुढच्याच महिन्यात त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. वारा पडणे, समुद्रातले मासे, पक्षी, दीडशेवर आजारी माणसे आणि त्यांतील सत्तावीस मृत्यू, सारे त्यात आहे. मायदेशी परतण्याची वाट पुढे बंदच झाली. १५८५ च्या कायद्याने येशूसंघीयाने इंग्लंडात पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला, आणि त्याची शिक्षा मरण होती.

आता क्लिफ पायपार्डहून चढण चढून टेकडीवर यावे. पायाखालची माती पांढरी होते, झाडे विरळ होतात आणि दहा-बारा किलोमीटरवर एव्हबरी येते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी येथे प्रचंड खंदक खणून त्याच्या आत शंभराच्या आसपास शिळांचे वर्तुळ उभारले. जगातील शिलावर्तुळांत हे सर्वांत मोठे. विशेष हे, की एक अख्खे खेडे त्या वर्तुळात वसले आहे आणि मोटारींचा रस्ता त्यातून जातो. नैऋत्येला जवळच सिल्बरी हिल हा सुमारे चाळीस मीटर उंचीचा मानवनिर्मित ढिगारा आहे. तो कशासाठी रचला, हे कोणालाच सांगता आलेले नाही. त्याच्यासमोरच्या उतारावर वेस्ट केनेटची दफनगुहा आहे. तीत शिरता येते.

एव्हबरीच्या शिळांचे पुढे जे झाले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी त्यांतील कित्येक आडव्या पाडून जमिनीत पुरल्या. अन्यधर्मीयांचे दगड म्हणून त्यांचे भय वाटत असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. १९३८ साली एका शिळेखाली त्या काळच्या एका माणसाचा सांगाडा सापडला, सोबत कात्री व नाणी. सतराव्या-अठराव्या शतकांत भयाची जागा व्यवहाराने घेतली. शिळेभोवती जाळ करायचा, तापल्यावर गार पाणी ओतायचे, घणाने फोडायचे आणि तुकड्यांची घरे बांधायची. फोडल्या त्या गेल्या. पुरलेल्या मात्र मातीत सुरक्षित राहिल्या, आणि अलेक्झांडर केलर याने १९३० नंतर त्या उकरून पुन्हा जागेवर उभ्या केल्या.

साष्टीतही हेच घडत होते. १५६७ साली तेथील मंदिरे पाडली गेली. नवख्रिस्तींच्या घरातून पोथ्या गेल्या, पुराणश्रवण थांबले. ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही, कारण खुद्द ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीबुवांना विचारतो, की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला काय देता? या प्रश्नाला बुश्टनच्या माणसाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे उत्तर दिले, तेही त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच छंदात. देवनागरी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून त्याने १६०८ साली रोमला लिहिले. शेकडो अक्षरांचे साचे कोण करणार! ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. तीन वर्षांनी कवी गोव्यातच वारला.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. पुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. वाचल्या त्या हस्तलिखित प्रती. गोवा सोडून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या जपल्या, आणि त्यांच्याच आधाराने १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला नवी आवृत्ती काढली. देवनागरीत छापलेली आवृत्ती वाचकांच्या हाती येण्यास १९५६ साल उजाडले. ती शां. पु. बांदेलू यांनी संपादिली.

एव्हबरीहून स्विंडनला बस मिळते आणि तिन्हीसांजेच्या आत लंडन गाठता येते. तेथे रसेल चौकाजवळ, ब्रिटिश संग्रहालयापासून थोड्या अंतरावर, पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांचे विद्यालय आहे. विल्यम मार्सडेन या संग्राहकाच्या ग्रंथसंग्रहातून आलेले ‘ख्रिस्तपुराणा’चे देवनागरी हस्तलिखित तेथील ग्रंथालयात आहे. ते तेथे पडून असल्याचे मराठी संतांचे भाषांतरकार डॉ. जस्टिन अॅबट यांनी १९२० नंतरच्या दशकात प्रथम उजेडात आणले. बुश्टनहून ते अवघ्या दीडशे किलोमीटरवर आहे.